शेवट तुमच्याच पद्धतीचा

माझ्या गोष्टीत शेवटी कुणीतरी घरी येतं. हे मला दुसऱ्यानं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. सांगितलं ते शिरवळच्या कारखान्यात माझ्याबरोबर स्टोअरला असलेल्या एका गड्यानं. जेवणाची सुट्टी, डबा उघडलेला, माझा दिवाळी अंक त्याच्या मांडीवर, आणि गोष्टीचं पहिलंच पान वाचून हा बाबा म्हणतो की ही थोरली सून शेवटी सासूला चहा करून देणार आणि सासू तो बशीत ओतून पिणार. मी म्हटलं, वाच की आधी. त्यानं मधली पानं धरलीसुद्धा नाहीत. थेट शेवटाला गेला, वाचलं, आणि भाकरी मोडता मोडता माझ्याकडं बघून नुसता हसला. चहा होता. बशीसुद्धा होती. माझं जेवणावरचं लक्षच उडालं.

नव्वदीतली मधली वर्षं असतील. मी साताऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, शिफ्ट असेल तसा शिरवळला जायचो आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहायचो. सांगलीचे एक संपादक होते, त्यांचा स्वतःचा छापखाना होता, दर दिवाळीला अंक काढायचे. माझी पहिली गोष्ट त्यांनीच छापली आणि पुढंही तेच छापत राहिले. मग वाचकांची कार्डं येऊ लागली. पोस्टकार्डावर जागा ती किती, पण त्यातही प्रत्येकजण शेवटाबद्दल लिहायचाच. ‘शेवट तुमच्याच पद्धतीचा.’ ‘शेवट वाचून डोळे पाणावले, पण बरं वाटलं.’ तासगावच्या एका निवृत्त मास्तरांनी कळवलं होतं की ते रोज झोपण्यापूर्वी माझं थोडं वाचतात, झोप छान लागते. मी ते कार्ड बायकोला दाखवलं आणि म्हटलं, मी काय लेखक आहे का डोकेदुखीचा बाम आहे? ती म्हणाली, कौतुक करणाऱ्या ह्या लोकांना आठ दिवस आपल्याकडं राहायला बोलवा, म्हणजे त्यांना कळेल तुम्ही किती गोड ते.

खरंच, मी गोड माणूस नाही. चहा गार झाला तर मी चिडतो, एस. टी. उशिरा आली तर चिडतो, वेळेवर आली आणि मी चुकवली तर जास्तच. एका जागी मला धड बसवत नाही. लिहितानासुद्धा दोन ओळी झाल्या की उठायचं, खिडकीपाशी जायचं, परत यायचं. असल्या माणसाच्या हातून असले शेवट कसे उतरायचे कुणास ठाऊक. मी बसायचो कडक काहीतरी लिहायला. सगळी गोष्ट कडकच जायची. आणि शेवटच्या पानावर आलो की बैल संध्याकाळी आपोआप घराच्या वाटेला लागावा तसा माझा हात वळायचा. कुणीतरी दारात यायचं, कुणीतरी विचारायचं, ‘जेवलास का?’ आणि गोष्ट संपायची. लोक खूश. मी आपला पुन्हा खिडकीपाशी.

माझी आत्ती, म्हणजे वडिलांची सख्खी बहीण, विट्याच्या पुढं आटपाडीच्या वाटेवर एका गावात राहायची. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी. तिच्या नवऱ्यानं शेवटी शेवटी थोडी शेती धरली आणि तो लवकर गेला. आत्तीला एकच मुलगा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. त्या भागातली अर्धी पोरं गलाईच्या धंद्यात. सोनं गाळायचं, शुद्ध करायचं, आणि त्यासाठी कुठं कुठं जायचं. हा कोइमतूरला गेला. तिकडं आधी दुसऱ्याच्या दुकानात राबला, मग स्वतःची भट्टी घातली आणि तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. लग्न करून मग कळवलं.

बायकोला घेऊन तो आला तेव्हा आत्ती त्यांना आणायला विट्याच्या स्टँडवर गेली. म्हणजे त्याला वाटलं, आणायला आलीय. तिनं स्टँडवरच, गावच्या चार माणसांत, त्याला सांगितलं की माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको. तोही तिचाच मुलगा. पिशव्या उचलल्या आणि त्याच स्टँडवरनं परत फिरला. मी तिथं नव्हतो, पण ही हकिकत मला इतक्या लोकांनी सांगितलीय की मी असल्यासारखाच आहे.

त्याला बरीच वर्षं झाली. आत्तीचा राग पहिल्या वर्षातच विरला होता, हे ती सोडून सगळ्यांना दिसत होतं. मग तिलाही दिसलं. पण आता करायचं काय? तिच्या नावानं शेजाऱ्यांनी लिहिलेल्या पत्रांना तो उत्तर देत नव्हता. त्या पत्रांत तरी काय असायचं, पाऊस किती झाला आणि कोण वारलं. ‘ये’ हा शब्द तिनं एकाही पत्रात घालू दिला नाही. चार माणसांत नको म्हटलंय, आता पत्रात ये म्हणून कसं लिहू, असं तिचं म्हणणं. आणि तो तिकडं गावच्या माणसांना सांगायचा की ती तोंडानं ये म्हणाल्याशिवाय मी येणार नाही. दोघांच्या मध्ये एवढं मोठं अंतर, आणि दोघंही आपापल्या टोकाला पाय रोवून उभे.

मात्र माझ्या गोष्टी तो वाचायचा. जत्रेला, लग्नाला येणारे गलाईवाले सांगायचे की तुमचा आतेभाऊ दिवाळी अंक पोस्टानं मागवतो, आणि दुपारी भट्टी निवाली की आजूबाजूच्या दुकानांतली आपली माणसं गोळा करून मोठ्यानं वाचून दाखवतो. दादानं लिवलंया म्हणून अभिमानानं सांगतो. हे ऐकून मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

एका श्रावणात मी आत्तीकडं गेलो होतो. तिचे पाय सुजले होते, मिरजेच्या डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. मी चुलीपुढं बसलो होतो. ती मटकी निवडत होती. वर न बघता ती मला म्हणाली,

“कागदाला उत्तर देत न्हाई त्यो. पर तुझं वाचतुया. मग त्यातच लिव की. म्हातारी वाट बघून बघून मेली आन्‌ ल्योक काय आला न्हाई, आसं लिव.”

मी म्हटलं, आत्ती, असलं अभद्र काय बोलतेस. ती म्हणाली, अभद्र कसलं, मी काय आज मरतीया का, गोष्टीत मरायला काय जातंय? त्याला कळू दे की असं हुईल. मी ये म्हणणार नाही, तूही माझ्या वतीनं ये म्हणायचं नाही. नुसतं घडलं ते लिहायचं. वाचंल आणि उठून यील. तिनं सगळा विचार करून ठेवला होता. मी सुचवायला गेलो की शेवटी तो येतो असं दाखवू का, तर तिनं मटकीचं ताट खाली ठेवलं आणि सरळ विचारलं की गोष्टीतच आला तर मग खरा कशाला यील?

मी साताऱ्याला येऊन लिहायला बसलो. इतकी अवघड गोष्ट मी कधी लिहिली नाही. एक म्हातारी, तिची ओसरी, तिची एक शेळी, आणि लांबच्या गावाला गेलेला मुलगा. कुणालाही ओळखू येईल, पण कुणाला तसं म्हणता येऊ नये, इतपतच झाकलेलं. मधलं सगळं सरसर उतरलं. शेवट येईना. म्हणजे येत होता, पण माझा नेहमीचाच येत होता. पानाच्या तळाशी आलो की दारात कुत्रं भुंकायचं आणि पिशवी घेतलेला कुणीतरी अंगणात उभा असायचा. मी पान फाडायचो. उठायचो, जिना उतरून रस्त्यापर्यंत जायचो, परत यायचो. बायकोनं विचारलं, पोटात दुखतंय का तुमच्या? शेवटी एका रविवारी सकाळी दात-ओठ खाऊन मी तो शेवट लिहिला. म्हातारी जाते. शेजारीण तिच्या तोंडात पाणी घालते. माणसं येतात, करायचं ते करतात आणि आपापल्या कामाला जातात. शेळीला चरायला कुणी सोडायचं यावर जराशी बोलाचाली होते. बस. एकही गोड शब्द नाही. लिहून झालं आणि मला हलकं वाटलं नाही.

तसाच कराडला गाडी बदलून विट्याला आणि तिथनं गावाला गेलो आणि आत्तीला ते वाचून दाखवलं. स्वतःचं मरण ती गुडघ्याला हात गुंडाळून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, आता बराबर झालं. शेळीचं लय झ्याक लिवलंस. मी गोष्ट सांगलीला पाठवून दिली.

दिवाळीला अंक आला. मी पाकीट फोडलं, माझी गोष्ट काढली आणि सवयीनं शेवट बघितला. कुत्रं भुंकत होतं. अंगणात पिशवी घेऊन मुलगा उभा होता. म्हातारीचा श्वास अडकत होता, त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिनं डोळे उघडले आणि विचारलं, ‘जेवलास का?’ खाली माझं नाव.

खरं सांगतो, क्षणभर मला वाटलं, हे मीच लिहिलंय आणि विसरलोय. वाक्यं माझी होती. ‘ती काही बोलली नाही, पदरानं नुसतं त्याचं तोंड पुसलं,’ असली वाक्यं मीच लिहितो. कुठं थांबायचं, कुठं पुढचं वाक्य आखूड करायचं, सगळं माझं. स्वतःच्या नावाखाली दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून रडू यावं, ह्याचा मला इतका संताप आला की मी तो अंक भिंतीवर फेकला.

दुसऱ्या दिवशी सांगली गाठली. संपादक छापखान्यात होते. भला माणूस. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, अंगात बंडी, बोटांना शाई. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला, पुड्यातलं भडंग पुढं केलं. मी उभाच राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. कुणाला विचारून हात लावला, म्हणालो. ते शांतपणं ऐकून घेत होते. मग म्हणाले की तुम्ही पाठवलंत ते छापलं असतं तर लोकांनी अंक माझ्या तोंडावर मारला असता. तुमचं नाव बघून लोक अंक घेतात, दिवाळीत घरात वाचतात, म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवतात. त्यांना शेळी कुणी सोडायची हे वाचून दाखवायचं? मी ओरडलो की तो माझा शेवट होता, तुम्हाला बदलायचा काय अधिकार?

“मी शेवट बदलला नाही,” ते म्हणाले. “तुमचा शेवट तुम्हाला परत दिला.”

त्यांना काय सांगणार, की ही गोष्ट वाचकांसाठी नव्हती, एकाच माणसासाठी होती? तसं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग त्याला पत्र घालायचं. मी चहा तसाच टाकून निघालो. स्टँडवर येऊन तासगावच्या गाडीत बसलो, उतरलो, विट्याच्या गाडीत बसलो. कुणाशी तरी भांडण काढावं असं सारखं वाटत होतं.

आत्तीला माझ्याआधीच कळलं होतं. शेजारच्या सुनेनं अंक आणून तिला वाचून दाखवला होता. आत्तीनं मला ये-बस केलं नाही. तिला वाटत होतं, मीच ऐन वेळी कच खाल्ली. मी परोपरीनं सांगितलं की हे मी नाही लिहिलं, संपादकांनी लिहिलं. ती म्हणाली, खाली तुझं नाव हाय न्हवं? मग त्याला काय कळणार कोण लिवतंय? मी म्हटलं, त्याला मी कळवतो. ती म्हणाली की आता कळवून काय उपयोग, ज्याला यायचं होतं तो येऊन गेला. असं म्हणून ती उठली आणि शेळीला पाणी दाखवायला गेली.

त्या अंकाला आजवर आली नव्हती इतकी पत्रं आली. पोस्टमन हसायचा. ‘आपल्या आजवरच्या शेवटांमधला सर्वोत्तम.’ ‘जेवलास का, ह्या दोन शब्दांत आपण सगळं सांगितलंत.’ तासगावच्या मास्तरांनी तर लिहिलं की ह्यापुढं आपण काही लिहिलं नाही तरी चालेल. ती कार्डं मी फाडली नाहीत, पण एकालाही उत्तर दिलं नाही. कारखान्यातला तो गडी मात्र वाचून गप्प होता. मी विचारलं तर म्हणाला, मधल्या पानांवर वाटत हुतं की औंदा तुमी काय तरी येगळं करताय. मग शेवटी बरं वाटलं.

चैत्रात गावची जत्रा आली. कोइमतूरकडचे दोघं-तिघं गलाईवाले आले. त्यातला एक आत्तीकडं निरोप घेऊन आला, तेव्हा मी तिथंच होतो. त्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं की तुमच्या लेकानं ती गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवली, दोनदा वाचली, दुसऱ्यांदा तर त्याला वाचवेना, मग आमच्यातल्या एकानं पुरी केली. सगळी माणसं रडली. मग आत्तीनं विचारलं, आन्‌ त्यो काय म्हनला? गलाईवाल्यानं आठवून आठवून सांगितलं. तो म्हणाला, मला गावाला जाऊन आल्यागत वाटलं. लय वझं उतरलं मनावरचं. आणि हे लुगडं दिलंय, म्हणून पिशवी पुढं केली.

आत्तीनं लुगडं घेतलं. घडी मोडली नाही, पेटीत टाकून दिलं. गलाईवाल्याला जेवायला वाढलं. तो गेल्यावर ती मला म्हणाली, बघ, पोचला त्यो. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, चल, उठ, आत्ताच्या आत्ता विट्याला जाऊ आणि त्याला फोन लावू. तो काय म्हणतो ते बघूच. ती नको नको म्हणत होती, पण तिनं डोक्यावरनं पदर घेतला आणि चपला घातल्या.

विट्याच्या स्टँडसमोर एसटीडीचं बूथ होतं, काचेचं, आत एक माणूस जेमतेम मावेल असं. आत्तीला बाहेरच्या बाकावर बसवलं. माझ्या शबनममध्ये मूळ हस्तलिखिताची नक्कल होती. मी कधीपासून ती घेऊनच हिंडत होतो. त्याच्या शेजारच्या दुकानात फोन होता. त्याला बोलावून आणेपर्यंत वरचे तांबडे आकडे पळत होते आणि मी आत घामानं भिजत होतो. तो आला, दादा म्हणाला आणि तब्येत विचारायला लागला. मी म्हटलं, गप्प बस आणि ऐक. छापलेला शेवट माझा नव्हे. माझा हा आहे. आणि मी त्याला शेवटचं पान फोनवर वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचावं लागत होतं. बूथवाला बाहेरनं बघत होता. शेजारीण तोंडात पाणी घालते तिथं माझा आवाज फाटला, पण मी शेळीपर्यंत वाचलं.

मग तो म्हणाला, “हे तुझं वाटत न्हाई, दादा.”

मी म्हटलं, माझंच आहे, माझ्या हातानं लिहिलंय. तो म्हणाला, नाही, छापलेलं तुझ्या हातचं वाटतं. इतकी वर्षं वाचतोय, मला तुझं कळतं. मी म्हटलं, आत्ती इथं बाहेर बसलीय, तिचे पाय सुजलेत, बोलतोस? तो म्हणाला, ती ये म्हणत असली तर दे.

मी काचेचं दार ढकललं आणि आत्तीला सांगितलं, तो फोनवर आहे, नुसतं ये म्हण, बाकी काही बोलू नको. ती बाकावरनं उठली. दोन पावलं आलीसुद्धा. स्टँडवर आटपाडीची गाडी लागली होती, माणसं चढत होती, त्यात आमच्या गावचीही होती. ती त्यांच्याकडं बघत उभी राहिली आणि तिनं मान हलवली. हितंच म्हनलं हुतं मी त्याला, एवढंच म्हणाली आणि परत बसली. मी फोनवर त्याला म्हटलं, ती म्हणतेय ये. त्यानं विचारलं, ती म्हनली का तू म्हनतोस? मी काही बोललो नाही आणि त्यानं फोन ठेवला.

इथवर वाचलंत म्हणजे तुम्हाला वाटत असेल की चार-आठ दिवसांनी तो आला. माझं पहिल्यापासून वाचत आलेल्यांना तर वाटणारच. तो आला नाही.

पुढल्या दिवाळीला मी संपादकांना गोष्ट दिली नाही, दुसरीकडं दिली. तीत कुणीही घरी येत नव्हतं. कार्डं थोडी आली. एका बाईंनी आस्थेनं विचारलं होतं, आपली प्रकृती ठीक आहे ना? त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आत्ती गेली. मिरजेला न्यायचं ठरत होतं, गाडी सांगितली होती, तेवढ्यातच. तोंडात पाणी शेजारच्या सुनेनं घातलं. मी साताऱ्याहून निघून पोचलो तेव्हा तिला ओसरीवर निजवलं होतं. मीच अग्नी दिला. माणसं आपापल्या कामाला गेली. मी लिहिलं होतं तसंच झालं सगळं, आणि त्याचं मला कौतुक वाटलं नाही, भीती वाटली. शेळीला मात्र मी स्वतः रानात घेऊन गेलो, कुणी बोलायच्या आत.

तो मातीला पोचला नाही. सावडायच्या दिवशी पोचला. बरोबर बायको आणि एक लहान मुलगी. उंबऱ्याबाहेर तो थांबला. त्याची बायकोच पहिल्यांदा आत आली, मुलीला घेऊन, आणि मग तिच्या मागनं तो. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटत होती. मारली नाही. त्याचे केस पांढरे झाले होते आणि हातांवर भट्टीचे डाग होते.

दुपारी भावकी ओसरीवर बसली होती. त्यानं पिशवीतनं तो दिवाळी अंक काढला. पानं मऊ पडली होती, गोष्टीच्या जागी आपोआप उघडत होता. माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, वाच, दादा. मी नको म्हणालो. एक म्हातारे चुलते म्हणाले, वाच की रं, पोरगं लांबनं आलंय. मी अंक घेतला आणि वाचायला लागलो. म्हातारी, तिची ओसरी, तिची शेळी. सगळे ऐकत होते. त्याची बायको, तिला मराठी किती समजत होतं कोण जाणे, तीही दारात टेकून ऐकत होती. कुत्रं भुंकतं तिथपर्यंत आलो आणि मी थांबलो.

“पुढं वाच की,” तो म्हणाला.

“पुढचं माझं न्हाई. तुला फोनवर वाचलं ते माझं.”

“म्हाईत हाय. तवाच कळलं हुतं मला, तेच तुझं हाय म्हणून.” तो खाली बघत होता. “तरीबी हेच वाच.”

माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी वाचलं. मुलगा अंगणात आला, पिशवी खाली ठेवली, त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. दुसऱ्याची वाक्यं मी माझी असल्यासारखी वाचत होतो. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, ‘जेवलास का?’

गोष्ट तिथं संपते. मी अंक मिटायला गेलो, आणि तो माझ्यासमोर, सगळ्या भावकीच्या देखत, मोठ्यानं म्हणाला, “न्हाई.”